दुसरी रेघ

रात्रपाळी संपवून पहाटे तीनच्या सुमारास घरी निघाले की वाटेत मी वॉलकॉटला कॉफीला थांबते. आयोवातल्या इंटरस्टेट 80 च्या कडेचा हा थांबा जगातला सर्वांत मोठा ट्रक-थांबा म्हणून ओळखला जातो. आवार केवढं तरी, पण उशिरा येणाऱ्याला जागा मिळेलच असं नाही. चालू ठेवलेल्या इंजिनांची खर्जातली घरघर, धुक्यात विरघळणारे पिवळे दिवे, आणि त्या सगळ्यावर साचलेला डिझेलचा वास. तो वास नाकात शिरला की आयोवा पुसट होतं, आणि रात्रभर गाडी हाकून, कसाऱ्याचा घाट उतरून भिवंडीच्या घराच्या दारात उभे राहिलेले अण्णा दिसतात, त्यांचा मळलेला खाकी शर्ट दिसतो, पुडी उघडून दिलेला खाऊ दिसतो.

आणि ते लाल डोळे.

परवा शेजारच्या खुर्चीवर एक वयस्कर ड्रायव्हर बसला होता. बोलता बोलता त्यानं पाकिटातून घड्यांवर विरलेला एक कागद काढला. लॉगबुकाचं पान. चोवीस तासांची घरं, चार आडव्या ओळी: सुट्टी, केबिनमागच्या बिछान्यातली झोप, गाडी चालवणं, आणि न चालवता केलेलं काम. पट्टी धरून ओढलेली निळी रेघ या ओळीवरून त्या ओळीवर चढत-उतरत गेलेली, एखाद्या दिवसाचा डोंगरकडाच जणू. अशा कितीतरी रेघा खोट्या असायच्या, हे त्यानं सरळ सांगितलं. ड्रायव्हर मंडळी त्या वह्यांना कॉमिक बुक म्हणत.

2017 च्या डिसेंबरपासून ती रेघ यंत्र ओढतं. इंजिनाला जोडलेली डबी; चाकं ताशी 5 मैलांच्या वर गेली की तिला आपोआप कळतं. 11 तास चालवायचं, तेही कामाला लागल्यापासून 14 तासांच्या आत, मग सलग 10 तास विश्रांती. गोदामाच्या दारात माल उतरायची वाट बघत अर्धा दिवस गेला तरी ते 14 तास सरतच राहतात, आणि मग उरलेल्या वेळात जीव मुठीत धरून पळायचं, अंधारात जागा शोधत फिरायचं. झोप येईल तेव्हा आता झोपता येत नाही, तो म्हणाला. घड्याळ सांगेल तेव्हा आडवं व्हायचं आणि छताकडे बघत राहायचं.

त्याच्या 10 तासांतली चाळीस मिनिटं अजून शिल्लक होती. गाडीतल्या पडद्यावर त्याची रेघ दुसऱ्या ओळीवर सरळ, शांत चालली होती. यंत्राच्या हिशेबी तो झोपला होता.

समोर बसून कॉफी पीत होता.

रस्त्यावरच्या तपासणीबद्दल मात्र त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता. वजनकाट्याजवळ गाडी बाजूला घेतात, विजेरी घेऊन इन्स्पेक्टर खाली सरपटत जातो, ब्रेकचा दांडा किती सरकतो ते मोजतो, टायरची नक्षी किती उरली ते बघतो. पूर्ण तपासणी 37 पायऱ्यांची. सगळं नीट निघालं तर काचेवर एक छोटं स्टिकर. ते सांगताना त्याचा अंगठा टेबलावर नकळत काहीतरी चिकटवत होता. माझ्या ब्रेकची माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी काळजी आहे, असं वाटतं त्या दिवशी.

मला त्या डबीला नावं ठेवता येईनात. तिच्यामुळे मालकाला आता ‘अजून थोडं रेट’ म्हणता येत नाही, असं काही तरुण ड्रायव्हर सांगतात, आणि ते मला पटतं. अण्णांना कुणी थांबवलं नाही. मोटार कामगारांना दिवसाला आठ तास, असा कायदा आपल्याकडे 1961 सालीच झाला होता. आमच्या घरात तो कधी कुणी ऐकला नाही. इगतपुरीला तोंडावर पाणी मारायचं आणि घाटात गाडी घालायची. आई खिडकीशी बसायची. हॉर्न ओळखायची. तिच्या जागरणाची रेघ कुठल्याच ओळीवर नाही.

तीन चाळीसला तो उठला. हातोडीनं एकेक टायर ठोकत, कान देत, गाडीभोवती फिरला, दिवे लावून बघितले, आणि हळूच बाहेर पडला. त्याची जागा क्षणभर ओली, काळी, रिकामी दिसली. रॅम्पच्या तोंडाशी ताटकळलेला दुसरा एक ट्रक लगेच उलटा घेत तिच्यात शिरला. इंजिन चालूच राहिलं, केबिनमधला दिवा गेला.

पडद्यामागे कुणीतरी कूस बदलली.