कऱ्हाकाठच्या देवांची सोयरीक

हेसिअड या ग्रीक कवीने इसवी सनापूर्वी ७००च्या सुमारास रचलेल्या ‘थिऑगनी’ या देववंशावळीत प्रत्येक पित्याला पुत्राचे भय आहे. युरेनस या आकाशदेवाला त्याचा मुलगा क्रोनस विळ्याने छाटतो, त्याच भयाने क्रोनस स्वतःची अपत्ये गिळतो, आणि आईने बाळाऐवजी दगड गिळायला दिल्यामुळे वाचलेला झ्यूस अखेर त्यालाही पदच्युत करतो. या झ्यूसला मर्त्य स्त्रियांपासून झालेले पुत्र पुढे राजकुळांचे मूळपुरुष मानले गेले; स्पार्टात एकाच वेळी राज्य करणारी दोन्ही राजघराणी आपला वंश झ्यूसपुत्र हेराक्लीसपर्यंत नेत.

कऱ्हेच्या खोऱ्यात देव आणि माणसे यांना जोडण्याचे हे काम प्रामुख्याने लग्नाने केले आहे. जेजुरीच्या खंडोबाच्या कथांत पुत्राला जवळजवळ स्थान नाही, पण बायकांना भरपूर आहे: म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, बाणाई चंदनपुरीच्या धनगराची, आणि काही कथांत शिंपीण, माळीण व बागवानीणही त्याच्या संसारात येतात. बाणाईसाठी देवाने म्हाळसेला मागे ठेवून धनगराघरी चाकरी पत्करली आणि मेंढरे राखली, ही कथा वाघ्या-मुरळी, म्हणजे खंडोबाला वाहिलेले उपासक, जागरणात रंगवून सांगतात. सवतींचे भांडण तर या गीतांचा प्राणच आहे. गडावर म्हाळसा देवाशेजारी आहे आणि बाणाईचे देऊळ मात्र चढणीच्या वाटेवर आहे, त्यामुळे भांडणाचा निवाडा जणू डोंगरानेच दिला आहे. ज्या समाजाची लेक देवाने केली, त्या समाजाचा तो जावई होतो, आणि जावयाचा मान वंशजांच्या भक्तीहून वेगळा असतो: त्याची थट्टा करता येते, त्याच्याशी रुसताही येते.

याच मुलखातल्या कन्हेरीचा मारुती, ज्याच्यासमोर निवडणूक प्रचाराचा नारळ फोडण्याचा बारामतीत प्रघात आहे, तो मात्र सोयरिकीच्या या जाळ्याबाहेरचा, निखळ पुत्ररूप देव आहे. अल्कमेनीचा हेराक्लीस जसा झ्यूसचा आणि तिचा पती अँफिट्रिऑन याचाही मानला गेला, तसे मारुतीलाही दोन पिते आहेत. वाल्मीकिरामायणातील किष्किंधाकांड त्याला वायूचा औरस, म्हणजे स्वतःच्या बीजाचा, आणि केसरीचा क्षेत्रज, म्हणजे पत्नीच्या ठायी अन्यापासून झालेला, पुत्र म्हणते; धर्मशास्त्राची परिभाषा वापरून कथेतली अडचण इतक्या सहज सोडवणे ग्रीकांना साधले नाही. वायूच्याच नात्याने भीम त्याचा भाऊ ठरतो, म्हणूनच महाभारताच्या वनपर्वातील त्यांच्या भेटीला थोरल्या भावाने धाकट्याचा गर्व उतरवण्याचे घरगुती रूप येते.

ब्रह्मचारी मारुतीलाही लोककथेने मुलगा दिलाच: लंकादहनानंतर समुद्रात पडलेला त्याचा घाम मगरीने गिळला आणि मकरध्वज जन्मला. पोरबंदरच्या जेठवा राजघराण्याने आपला वंश याच मकरध्वजापर्यंत नेला आहे.