हात कानाने शिकतो

मोबाईलवर पाहून कायदा, म्हणजे बोलांची एक रचना, बसवलेली मुलं हल्ली तबला शिकायला येतात. बोटं जागेवर पडतात, 'तेटे' स्वच्छ निघतं. लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी धून, सुरू केला की मात्र भरकटतात. तीनतालात नवव्या मात्रेवर 'खाली', म्हणजे टाळीविना मात्रा, येऊन गेली याचा पत्ता नसतो. दुगुन केली की लय पळते. याउलट ज्याने तोच कायदा टाळी-खाली देत तोंडाने म्हणून घटवला आहे, त्याचा हात सुरुवातीला कच्चा असतो, पण मध्ये अडखळला तरी तो समेवर बरोबर येतो.

तोंडाने बोल म्हणण्याचं, म्हणजे पढंतीचं, हे बळ मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. नुसता ठेका ऐकतानाही मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात, हे संशोधकांनी स्कॅनमध्ये पाहिलं आहे. 'करंट बायॉलजी'मध्ये 2015 साली आलेला एक प्रयोग तर मला फार आपला वाटला. लुकलुकणाऱ्या दिव्याची लय ओळखायची होती. काहींना सरावही दिव्यावरच दिला, काहींना फक्त आवाजावर. सुधारले ते आवाजवाले. कानाने कमावलेली लय डोळ्यांच्या कामी आली; नुसतं बघून बघून डोळ्यांना ती साधली नाही.

म्हणून डोळ्यांचं काम कमी, असं मात्र नाही. लय कान देतो, जागा डोळा दाखवतो. 'तिरकिट' कितीही ऐका, कुठलं बोट कुठे पडतं ते नवशिक्याला आवाजावरून उमगत नाही. दिल्लीचा बाज, म्हणजे वादनशैली, चाटेवरची, तबल्याच्या कडेवरची, दोन बोटांची. पूरबचा बाज मोकळा, लव आणि शाईवर पंजा खेळवणारा. हा फरक हातच बघून घ्यावा लागतो. त्यातही अडचण अशी, की समोर बसलेल्या गुरूचा उजवा हात शिष्याला डावीकडे दिसतो. नवीन मुलांना मी शेजारी बसवतो ते त्यासाठी. व्हिडिओ कॉलवर हात नीट दिसतो, पण आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांना एका लयीत वाजवता येत नाही. तिथे मी मुलांकडून फक्त पढंत करून घेतो.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे: मूल रियाजाला बसलं की तबल्याला हात लावण्याआधी त्याला टाळी देत त्या दिवसाचा पाठ मोठ्याने म्हणायला लावा. व्हिडिओ त्यानंतर दाखवा.