पानिपतच्या ओट्यावर थाई करी

ज्याला भेटेन त्याला मी सध्या एकच गोष्ट सांगत सुटले आहे. ऑफिसातल्या मैत्रिणी मला लांबून पाहून लिफ्टचं बटण दाबायला लागल्यात, म्हणून आता लिहूनच टाकते. पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी येणारं जेवण! शिजलेलं नव्हे हं, ते स्विगी-झोमॅटोचं झालं. हे कच्चं येतं. चार माणसांच्या एका वेळच्या जेवणाला लागेल तेवढंच, मोजलेलं, धुतलेलं, बरंचसं चिरलेलं, छोट्या छोट्या पुड्यांत बांधलेलं. आणि वर एक कार्ड: आधी हे घाला, मग हे, इथे पाच मिनिटं थांबा, आता गॅस बंद करा. मील किट म्हणतात. जगात हे सुरू होऊन दीड दशक उलटून गेलं, मला आत्ता सापडलंय, आणि माझा आनंद त्याने तसूभरही कमी होत नाही!

आम्ही गुरुग्रामला राहतो. दोघांच्या नोकऱ्या, एक शाळकरी मुलगी, आणि थंडीचे दोन-तीन महिने सासूबाई. स्वयंपाकाला बाई मिळतात, टिकत नाहीत. संध्याकाळी मेट्रोच्या महिलांच्या डब्यात उभं राहिलं की आजूबाजूच्या निम्म्या फोनवर तोच सवाल चाललेला असतो, ‘आज क्या बनाऊँ?’ कधी हिंदीत, कधी पंजाबीत, कधी बंगालीत, आणि एका कोपऱ्यात माझ्याकडून मराठीत. अशाच एका संध्याकाळी कुणीतरी सवलतीचं कूपन पाठवलं आणि मी दांडीला लटकत लटकत खोकं मागवलं. थाई ग्रीन करी, चार जणांसाठी, रविवारी सकाळी पोचेल असं.

आणि नेमका त्याच रविवारी पानिपतचा बेत ठरला. संक्रांत जवळ आली होती, नणंद पानिपतला असते, तिचे यजमान रिफायनरीत आहेत, आणि सासूबाईंना काला अंब बघायचंच होतं. खोकं दाराशी आलं तेव्हा आम्ही बूट घालत होतो. टाकून द्यायचं? छे! उचललं आणि डिकीत ठेवलं. जानेवारीत हरियाणात डिकी हाच फ्रिज.

काला अंब पानिपत शहराच्या बाहेर थोड्या अंतरावर, सनोलीच्या बाजूला आहे. मराठी माणूस मनात प्रचंड काहीतरी घेऊन जातो आणि समोर दिसतो तो एक नीटस बगिचा, लोखंडी कुंपण आणि मधे एक स्तंभ. सदाशिवरावभाऊ जिथून लढाई चालवत होते ती ही जागा, असं मानतात. इथे एक आंब्याचं झाड होतं आणि सांडलेल्या रक्ताने ते काळं पडलं, अशी आख्यायिका. झाड आता नाही. १४ जानेवारीला इथे शौर्य दिवस होतो, हरियाणातले रोड मराठा मोठ्या संख्येने जमतात. आपण त्याच रणातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज, असं ते अभिमानाने सांगतात. २०२५च्या १४ जानेवारीला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही आले होते. आम्ही गेलो तेव्हा मात्र धुकं होतं, शाळेची एक सहल होती आणि आमचे हे होते.

आमचे हे म्हणजे पानिपतचा चालताबोलता ग्रंथ. इतिहासकार शेजवलकर पाठ. विश्वास पाटलांची कादंबरी इतक्यांदा वाचलेली की बांधणी सुटलीय. कुंपणाला टेकून त्यांनी जे सुरू केलं ते तलवारींबद्दल नव्हतंच, ते होतं धान्याबद्दल! ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला तो केवढा आनंदाचा दिवस, कारण अब्दालीसाठी साठवलेलं धान्य हाती लागलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्ली व मराठे यांच्या मधे येऊन बसला. मग नोव्हेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पानिपतला तळ. लढणारे कमी आणि खाणारे जास्त, बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकापोरं. गोविंदपंत बुंदेल्यांना भाऊंची पत्रांवर पत्रं, रसद पाठवा, पैसा पाठवा, शत्रूची रसद मारा. डिसेंबरात गोविंदपंतच मारले गेले. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली माणसं रात्री वाट चुकून थेट अफगाणांच्या छावणीत शिरली. पैसाही गेला, माणसंही गेली. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत लोक भाऊंपुढे आले, उरलंसुरलं शिजवून खाल्लं आणि १४ जानेवारीच्या पहाटे, पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी, बाहेर पडले.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “अरे, एवढं सगळं ठाऊक तुला, मग परवा मोहरीचा डबा कुठाय म्हणून मला का हाक मारलीस?”

मी हसले खरी, पण डोक्यात तिथेच काहीतरी टक्कन झालं! ज्या माणसाला अडीचशे वर्षांपूर्वीची रसद कुठल्या घाटावर अडली ते ठाऊक आहे, त्याला स्वतःच्या घरातलं जिरं सापडत नाही. बुद्धी कमी आहे का? मुळीच नाही. तो कारभार त्यांच्याकडे कुणी सोपवलाच नाही. किती दाणे उरलेत, कोथिंबीर कधी सुकणार, नारळाचं दूध उद्यापर्यंत टिकेल की नाही, ही सगळी वही माझ्या डोक्यात, आणि ती वाचता येणारी मी एकटी.

तर नणंदेच्या घरी पोचल्यावर मी खोकं ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, “अहो, हे तुम्ही करा.” नणंद ओरडली, “वहिनी, दादा? अगं, घर माझं आहे!” पण कार्ड यांच्या हातात गेलं होतं. आणि काय सांगू! त्यांनी ते अगदी लढाईचा नकाशा वाचावा तसं वाचलं. पुड्या ओळीने मांडल्या. पुडी क्रमांक एक, करीचं वाटण. दोन, गवती चहाच्या काड्या आणि थाई आल्याच्या चकत्या. तीन, भाज्या. टोफूचे तुकडे, नारळाच्या दुधाची पिशवी, तांदूळ, तुळशीसारखी दिसणारी चार पानं. कुणालाही हाक मारली नाही. मीठ किती, हा प्रश्न पहिल्यांदाच आमच्या घराण्यात विचारला गेला नाही, कारण मीठसुद्धा पुडीत होतं! सासूबाई मागे उभ्या राहून “एवढीशी कोथिंबीर आणि तिला स्वतंत्र पिशवी?” असं पुटपुटत होत्या, तोवर करीला उकळी आली आणि वास घरभर पसरला. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, “हे नारळाच्या दुधातलं कालवणच की रे. गूळ जरा पुढे आलाय, पण चांगलं झालंय.” सासूबाईंकडून ही पैठणी आहे, हे ज्यांना सासू आहे त्यांना सांगायला नको.

आता यातलं खरं काय ते सांगते, कारण या खोक्यांची जाहिरात वेळ वाचवण्यावर चालते. वेळ वाचतो, पण फार नाही. चिरायचा वाचतो, ढवळायचा वाचत नाही, भांडी तेवढीच. माझं म्हणणं वेगळंच आहे: हे खोकं घरातल्या दुसऱ्या माणसाला ओट्यापाशी आणतं. २०१९च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशभरातलं चित्र असं आलं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. पुरुष? ९७. आणि ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच! या दरीत चिरलेल्या ढबू मिरचीने काय होणार, असं कुणी म्हणेल. मी म्हणते, मिरचीने नाही, कार्डाने होईल.

पैशाचं बोलायलाच हवं. कूपन संपलं की हे प्रकरण महाग आहे. तेवढीच सामग्री मंडईतून आणली तर निम्म्याहून कमी पैशांत येईल, शिवाय भाजीवाला मूठभर धनिया-मिर्ची फुकट घालेल. बाहेरून शिजलेलं मागवण्यापेक्षा मात्र स्वस्त पडतं. म्हणून हिशेब कशाच्या जागी खोकं येतं त्यावर ठरतो. वरण-भाताच्या जागी मागवलं तर उधळपट्टी. थकून मागवलेल्या बिर्याणीच्या जागी आलं तर बचत. आणि थाई करीसारख्या पदार्थाला तर आणखीच परवडतं, कारण एरवी चार काड्यांसाठी अख्खी जुडी, एका चमच्यासाठी अख्खी बाटली घ्यायची, आणि ती बाटली मग फ्रिजच्या दारात वर्षभर आपल्याकडे बघत राहते.

उत्साहात मी या धंद्याचा इतिहासही वाचून काढला. सुरुवात स्वीडनची: २००७ साली स्टॉकहोममध्ये ‘मिद्दागस्फ्रीद’ निघाली, मग २०११ला बर्लिनची हॅलोफ्रेश, २०१२ला न्यूयॉर्कची ब्लू एप्रन. ब्लू एप्रन २०१७ साली दहा डॉलरला शेअर विकून बाजारात उतरली तेव्हा तिची किंमत जवळपास १९० कोटी डॉलर धरली गेली होती. २०२३ला ती विकली गेली ती साधारण १० कोटी ३० लाख डॉलरना! कारण अगदी आपल्या ओळखीचं आहे: माणसं सवलतीची पहिली खोकी घेतात, चार पदार्थ शिकतात आणि निघून जातात. मला ते वाचून वाईट वाटण्याऐवजी हसू आलं. शिकून निघून जाणं हाच तर सगळ्यात मोठा फायदा! कंपनीचा नव्हे, आपला.

पुठ्ठा आणि प्लॅस्टिक बघून मात्र माझाही जीव खालीवर होतो. यावर मिशिगन विद्यापीठाचा २०१९चा एक अभ्यास आहे, तो उलटंच सांगतो: त्यांनी तपासलेल्या पाच जेवणांत किटमधल्या जेवणामुळे होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन दुकानातून सामान आणून केलेल्या जेवणापेक्षा सरासरी एक तृतीयांशाने कमी भरलं, मुख्यतः अन्न वाया जात नाही म्हणून. ते अमेरिकेचं. आमच्या सासूबाईंच्या राज्यात फ्लॉवरचे दांडेही भाजीत जातात, तिथे हे गणित इतकं सुटसुटीत असणार नाही, असं माझं मत. तरी माझ्या फ्रिजच्या तळाशी मऊ पडणाऱ्या काकड्या आठवल्या की मी गप्प बसते.

आणि मग सगळ्यात मोठा शोध लागला, तो परतीच्या वाटेवर. बाजारातून गाडी जात होती आणि हातगाड्यांवर लालभडक गाजरं, हिरव्या हरभऱ्याच्या डहाळ्या, बोरं, उसाच्या मोळ्या. सासूबाई काच खाली करून म्हणाल्या, “अगंबाई, सगळी भोगीची भाजी उभी आहे की इथे!” खरंच की! दादरच्या बाजारात भोगीच्या आदल्या दिवशी काय मिळतं? हरभरा, पावटा, घेवडा, वांगी, गाजर, बोरं, उसाचे करवे, सगळं थोडं थोडं, एका घराला पुरेल असा वाटा! ऋषिपंचमीला ऋषीच्या भाजीचाही तसाच. एकेक भाजी पाव-पाव किलो घेतली तर टोपलंभर होईल आणि आठवडाभर तेच खावं लागेल, हे त्या भाजीवाल्या बायकांनी स्टॉकहोमच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. आणि सरकारनेही २०२२च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ काढला तो काय होता? शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि लिटरभर पामतेल. फराळाचं किटच ते! फक्त कार्ड नव्हतं, कारण कृती घरातल्या बाईला पाठ असणारच, हे गृहीत. आमच्या वाट्यातही कार्ड कधी नव्हतं. तिथेच तर सगळं अडलेलं.

तर मी आता काय करते, तर कंपनीचं खोकं महिन्यातून कधीतरी, काही नवं शिकायला. बाकी खोकी मीच भरते! रविवारी सगळे मिळून टेबलाशी बसतो. डाळ वाटीने मोजून डब्यात, फोडणीचं सामान एका पुडीत, चिंच-गूळ दुसऱ्या, मसाला तिसऱ्या, आणि वर लेकीच्या अक्षरात कार्ड. ‘कुकरच्या तीन शिट्ट्या. मग आजीला हाक मारायची नाही.’ हे शेवटचं वाक्य तिने स्वतःच्या मनाने घातलं. ताज्या भाज्या आदल्या रात्री, किंवा राहिल्याच तर ब्लिंकिटवरून, दिल्लीच्या आसपास त्या मिनिटांत येतात. गेल्या आठवड्यात मी मीटिंगमधून उशिरा घरी आले, तर आमटी झालेली होती, भात झालेला होता आणि हे पापड भाजत लेकीला दत्ताजी शिंदे सांगत होते.

ज्यांच्याकडे वर्षानुवर्षांची स्वयंपाकाची बाई आहे, त्यांनी खोक्याच्या भानगडीत पडू नये. दहा माणसांच्या घरानेही नको, तिथे पातेलंच हवं, पुड्या पुरायच्या नाहीत. पण दोन नोकऱ्या, एक मूल आणि ओट्यापाशी एकच वाटाड्या अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांनी निदान सवलतीपुरती तरी मागवाच, आणि कार्डं जपून ठेवा, टाकू नका!

नणंदेचा कालच फोन आला. तिला आमटीचं कार्ड हवंय, तिच्या यजमानांसाठी, आणि मोठ्या अक्षरांत. पुढच्या भोगीला सगळं पानिपतच्याच बाजारातून घ्यायचं ठरलंय: सासूबाई भाज्यांची मापं सांगणार, लेक लिहिणार, हे आणि नणंदेचे यजमान रांधणार. तीळ लावलेली बाजरीची भाकरी तेवढी अजून मीच थापणार आहे. ती कार्डावरून येत नाही, यांनी दोनदा करून पाहिली.