मधला थांबा

आमच्या गावातनं इंजिनीअर व्हायच्या दोन वाटा होत्या. बारावी करून पदवी, म्हणजे दोन अन् चार, सहा वर्षं. नाहीतर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा अन् तिथनं थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, आणखी तीन. बेरीज सारखीच. पण आबांनी नेमकं विचारलं, "मधीच पाऊस दडी मारून बसला तर कुठल्या वाटंवर हाताला काम घावंल?"

कोरडवाहू चार एकराच्या घराला डिप्लोमाचा तो मधला थांबा लाखमोलाचा. मी तिकडं गेलो.

डिप्लोमा झाला अन् पावसानं खरंच दडी मारली. पदवी लांबणीवर टाकून १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली वर्षभर कारखान्यात लागलो. विद्यावेतन तुटपुंजं, पण धाकटीची शाळा त्यावर तगली. लेथवर हात बसला. मायक्रोमीटर धरून शतांश मिलिमीटर म्हणजे केवढं, ते बोटांना कळलं.

पुढं पदवीला गेलो. बारावीवाली पोरं गणितात पुढं. रात्री मी त्यांच्याकडनं गणितं समजून घ्यायचो. वर्कशॉपात मात्र जॉब बिघडला की तीच हाक मारायची, "दादा, जरा बघता का?"