सुकाणूचक्र

चाळिशी ओलांडली की माणसाला काहीतरी होते. कुणाला साखर होते, कुणाला अध्यात्म होते. मला जीप झाली.

वास्तविक मी बी. कॉम. झालेला, बँकेतला, काउंटरच्या आतल्या बाजूचा माणूस. वीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्यांच्या कर्जाचे कागद तपासले. स्वतः मात्र स्कूटरच्या पुढे गेलो नाही. पण हदगावहून उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका गॅरेजच्या मागे बाभळीखाली ती उभी दिसली आणि मी स्कूटर थांबवली. तिथेच फसलो.

बॉडी महिंद्राची. इंजिन मागाहून बसवलेले डिझेलचे. गिअरबॉक्स कुठल्या तिसऱ्याच गाडीचा, सीट काळीपिवळीच्या आणि ताडपत्री ज्वारी झाकायची. मी मालकाला विचारले, "हिचं स्वतःचं काय आहे हिच्यात?"

मालक प्रामाणिक होता. म्हणाला, "नंबर."

घरी आणल्यावर बायकोने तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि काही न बोलता आत जाऊन कुकर लावला. संसारात शिट्टीचा अर्थ ज्याला कळतो तो शहाणा. चिरंजीव मात्र खूश. ते अकरावीला आहेत, त्यामुळे अभ्यास सोडून सगळ्याची त्यांना माहिती आहे. म्हणाले, "बाबा, ही हॉट रॉड आहे."

मला वाटले इस्त्रीसंबंधी काही असेल. पण नाही. अमेरिकेत म्हणे कॅलिफोर्नियातली पोरे जुन्या फोर्ड गाड्या घेत, त्यांची मडगार्डे काढून टाकत, पोटात जबर इंजिन घालत आणि तिथल्या कोरड्या तलावांवर शर्यती लावत. १९३२ सालची फोर्ड या कामाला फार नावाजलेली. १९४८ साली या विषयाला वाहिलेले 'हॉट रॉड' नावाचे मासिकसुद्धा निघाले. त्या मंडळींत एक जुना प्रघात आहे. गाडी १९३२ची असली तरी तिला स्टेअरिंग लावायचे १९४०च्या फोर्डचे. का? तर ते देखणे आहे. आपल्याकडे नवरा मुलगा लग्नात मित्राचे घड्याळ घालतो, त्यातलाच प्रकार.

मला हे ऐकून धीर आला. म्हणजे मी जे घेतले होते ते भंगार नव्हते, परंपरा होती. फरक एवढाच की त्यांनी इंजिने बदलली वेगासाठी आणि आमच्या लोकांनी मायलेजसाठी. महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीपची जोडणी आपल्याकडे सुरू केली तेव्हा तिच्या पोटात पेट्रोल होते. पुढे पेट्रोलचे भाव बघून मराठवाड्यातल्या कितीतरी जीपा डिझेलवर आल्या. अमेरिकेत तलाव कोरडे पाहून पोरे शर्यती लावतात. आमच्याकडे तलाव कोरडा दिसला की पाहणीसाठी जीप येते.

तर आता स्टेअरिंगचे.

आधीच्या मालकाच्या मुलाने हौसेने तिला एक छोटे, फोमचे, लाल पट्ट्याचे 'स्पोर्ट्स' स्टेअरिंग बसवले होते. पुरणपोळीच्या ताटात पाणीपुरी ठेवावी तसे ते दिसे. दिसण्याचे सोडा, वळेना. या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. चाक जितके मोठे तितका जोर कमी लागतो, हा साधा तरफेचा हिशेब. ते दीड वितीचे खेळणे फिरवून आठवड्यात माझे खांदे इतके धरले की कॅश काउंटरवर नोटा मोजताना कण्हत होतो. गिऱ्हाइकांना वाटे, साहेबांना पैसे देताना यातना होतात.

तेव्हा मला माळ्यावरचे चाक आठवले.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. १९७२च्या दुष्काळात लागले; पहिलीच कामगिरी साहेबांना घेऊन खडी फोडायच्या कामांवर हिंडण्याची. मजुरांना सुकडी वाटली जायची ते सांगतात, आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीचे नाव काढले की अजून तोंड वाकडे करतात. आमच्या घरी गाडी कधीच नव्हती आणि कायम होती. रात्री दारात जीप उभी असायची. पण आम्हा भावंडांना तिच्यात बसायची परवानगी नव्हती. "सरकारी हाय," एवढे दोन शब्द. टायरला टेकून उभे राहिलो तरी हाक यायची. गावातली इतर पोरे साहेबांच्या पोरांबरोबर कधीमधी चक्कर मारून येत. आम्ही ड्रायव्हरची मुले, आम्ही ती चक्कर रस्त्याच्या कडेने पाहिली.

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अण्णा त्याच दिवशी जीप घेऊन तिकडे गेले, ते नवव्या दिवशी परत आले. आल्यावर आंघोळ केली आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो. जीपच्या टपावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी माती होती, पण लिहायचे धाडस झाले नाही. पुढे ती जीप निर्लेखित झाली, लिलावात एका भंगारवाल्याने घेतली. अण्णा दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले आणि फक्त स्टेअरिंग मागितले. त्याने वजनावर दिले. अण्णांनी त्याची पावती घेतली. "सरकारी माल हाय. उद्या कुणी म्हणंल, ड्रायव्हरनं चोरला." ती पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तारेने चाकाला बांधलेली अजून होती. अक्षर पुसून गेले होते, पण पावती होती.

काळे, तीन दांड्यांचे चाक. मागच्या बाजूला बोटांसाठी खाचा. त्या खाचा सगळीकडे शाबूत आणि एका जागी मात्र पार गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारख्या. घसारा काढायच्या आमच्या एका पद्धतीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्केवारी लावतात. त्यामुळे कितीही वर्षे घसारा काढा, बाकी कधी शून्य होत नाही. परीक्षेत हे पाच मार्कांना लिहिले होते. समजले माळ्यावर.

मी ते चाक पिशवीत घालून गुपचूप गॅरेजला नेले. मिस्त्री आमच्या बँकेचा खातेदार, त्यामुळे बोलण्यात मोकळेपणा होता. त्याने चाक जीपच्या दांड्यावर ठेवून पाहिले आणि म्हणाला, "नक्को साहेब. दाता अलग है."

स्टेअरिंगचा दांडा वरच्या टोकाला दातेरी असतो आणि चाकाच्या भोकात तसेच दाते असतात. ते एकमेकांत बसले तरच चाकाबरोबर दांडा फिरतो. हा दांडा कुठल्या मेळातला होता देव जाणे. जाडी वेगळी, दात्यांची संख्याही वेगळी. मी म्हटले, "मोजू या." नोटा मोजणारा माणूस मी. तीनदा मोजले, तीन उत्तरे आली. शेवटी मिस्त्रीने जेवणाच्या डब्यातली घडीची पोळी घेतली, मळून तिचा गोळा केला, भोकात दाबला आणि त्याच्यावर उमटलेले दाते खिळ्याने एकेक टोचत मोजले. वीस वर्षांचा अनुभव अर्ध्या पोळीपुढे हरला.

"वेल्डिंग मारू?" मी विचारले.

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "साहेब, ब्रेक फेल झाला तर झाड हाय, बांध हाय. स्टेअरिंग हातात आलं तर काय हाय? स्टेअरिंगला वेल्डिंग मी सख्ख्या भावाच्या गाडीला मारत नाही."

मग त्यानेच तोड काढली. त्या लाल स्टेअरिंगखाली एक बूड होते, जीपच्या दांड्याला बरोबर बसणारे, सहा बोल्टांचे. ते तसेच ठेवायचे. त्याच्यावर सहा भोकांची एक चकती बसवायची आणि त्या चकतीच्या मधोमध अण्णांच्या चाकाला जुळेल असा दातेरी खुंट. पण चकती आणि खुंट एकाच पोलादी तुकड्यातून कोरलेले, जोड नाही. मध्ये आरपार भोक, हॉर्नच्या वायरीसाठी. हे काम नांदेडला एका वर्कशॉपात होते. मी दोन रजा घेतल्या. बँकेत कारण लिहिले 'कौटुंबिक', आणि ते खोटे नव्हते. खर्च, जाण्यायेण्यासकट, एवढा झाला की तो आकडा या पुस्तकात छापणे बरे नव्हे. ही पुस्तके वाचते.

दरम्यान माझ्यातला कारकून जागा झाला. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ काढून वाचले. आरसी बुकातला तपशील मूळ कारखान्याच्या तपशिलाहून निराळा पडेल असा फेरफार करायचा नाही. आरसी बुक उलटेपालटे केले. इंजिनच्या बदलाची रीतसर नोंद होती. स्टेअरिंगला रकानाच नव्हता. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी देण्याचे नियम आले, तेही पाहून ठेवले. पण त्यात चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेले चालत नाही. आमच्या जीपला वयाने थोडे कमी आणि चारित्र्याने बरेच कमी पडत होते.

रविवारी चाक बसले. नव्या खुंटामुळे ते तीन इंच वर आले आणि थेट माझ्या पोटाला भिडले. "सीट मागं घेतो," मिस्त्री म्हणाला. पोटाबद्दल तो काही बोलला नाही, खातेदार आहे. हॉर्नची वायर मात्र कुठेतरी घासत होती. चाक डावीकडे पुरते वळवले की हॉर्न आपोआप वाजायचा. "उद्या बघतो," म्हणाला.

चिरंजीवांनी आजोबांना स्कूटरवरून आणले. अण्णा शहात्तर वर्षांचे. निवृत्तीनंतर त्यांना चालवायला काही नव्हते, तरी लायसन्स कायम मुदतीत. त्यांनी जीपकडे पाहिले, मग चाकाकडे. पावतीची पिशवी मी तशीच बांधून ठेवली होती. ते काही म्हणाले नाहीत. वर चढले, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि लगेच काढले.

"कुणी बसविलं हे? उलटं बसविलंय."

"अण्णा, सरळ आहे. दांड्या बघा ना," मी म्हटले. दांड्या खरोखर सरळ होत्या.

"दांड्या तीन हायत. तीनदा सरळ दिसतंय ते. माझा हात कुठाय?"

आम्ही तिघेही बघत राहिलो. मग त्यांनी चाक एक तृतीयांश फिरवले, आणि ती गुळगुळीत जागा वर आली, घड्याळात दोन वाजता काटा असतो तिथे. डावा हात गिअरवर, उजवा इथे. चौतीस वर्षे. मिस्त्री मुकाट्याने नट काढायला लागला. चाक उचलले, फिरवले, पुन्हा दात्यांवर बसवले, नट आवळला. अण्णांनी डोळे दुसरीकडे ठेवून हात टेकवला. "हं," म्हणाले.

मी डावीकडच्या सीटवर बसलो, चिरंजीव मागे. अण्णा गाडी सुरू करेनात.

"काय झालं?"

"लॉगबुक?"

मला वाटले थट्टा करायलेत. नव्हते करत. चिरंजीवांनी फिजिक्सच्या वहीचे मागचे पान फाडून दिले. अण्णांनी ते मांडीवर घेऊन रकाने आखले. तारीख. वेळ. कोठून : हदगाव. कोठे : तामसा. मीटर : बंद. मग पेन थांबले.

"कामाचं स्वरूप?"

"काही नाही अण्णा. असंच."

"असंच लिहिता येत नाही. ऑडिटला आक्षेप निघतो."

"मग लिहा, रस्त्याची पाहणी."

त्यांनी लिहिले. मग कागद आणि पेन माझ्यापुढे धरले. "साहेबानं सही करायची, हितं."

दिवसातून दोनशे सह्या करणारा माणूस मी. पण ती सही काही नीट आली नाही. अण्णांनी ती चष्मा वर करून तपासली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि गिअर टाकला. गॅरेजच्या फाटकातून जीप डावीकडे वळली, आणि हॉर्न वाजला.