बांबू उडीतला बांबू

डहाणू

चि. निहार,

फ्रेस्नोच्या मैदानावरच्या पाटीचा फोटो मिळाला. ‘मामा, तुझ्या कात्रणातला वॉर्मरडॅम हाच का?’ असं तू विचारलंस. हाच तो. परवा फोनवर मी पोल व्हॉल्टला ‘बांबू उडी’ म्हणालो तेव्हा तुला हसू फुटलं होतं. अरे, तुमचे पोल आता फायबरग्लासचे, पण या उडीला मराठीत हे नाव पडलं तेव्हा पोरांच्या हातात खरोखर बांबूच असायचा. आपल्या पडवीत वाशांना टांगलेला, आजी गोधड्या वाळत घालते तो बांबूही उडीचाच. त्याची गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती.

आधी त्या माणसाचं सांगतो. कॉर्नेलियस वॉर्मरडॅम, जन्म १९१५ चा. आईवडील हॉलंडहून आलेले, शेती करणारे. फ्रेस्नोजवळच्या हॅनफर्डला हा पोरगा घरच्या पालकाच्या मळ्यात पीचच्या फांदीवर उड्या मारायचा. १३ एप्रिल १९४० ला बर्कलीत त्याने बांबूवर १५ फूट पार केले. तोवर जगात कुणालाच ते जमलं नव्हतं. तो उड्या मारत होता तोवर दुसऱ्या कुणाला एकदाही जमलं नाही, त्याने मात्र ४३ वेळा केलं! १९४२ ला मोडेस्टोत तो ४.७७ मीटर गेला आणि तो विक्रम १९५७ पर्यंत टिकला. आताचा उडीपटू डुप्लांटिस २०२५ ला टोकियोत ६.३० मीटर गेला खरा, पण त्याचा पोल धनुष्यासारखा वाकतो आणि माणसाला वर फेकतो. बांबू फारसा वाकत नाही. वर जायचं ते दंडांच्या जोरावर, आणि पडायचं वाळूत किंवा भुशात, तेही पायांवर. तुमच्यासारखी जाड गादी नव्हती.

ऑलिम्पिक त्याच्या नशिबी नव्हतं. १९४० आणि १९४४ ची युद्धाने खाल्ली. १९४८ येईतो तो प्रशिक्षक झाला होता, आणि तेव्हाच्या नियमांत पगारी प्रशिक्षक म्हणजे व्यावसायिक, त्याला ऑलिम्पिक बंद. पदक नाही म्हणून आपल्याकडे त्याचं नाव कुणी घेत नाही. मला हा हिशेबच पटत नाही. १९८० पर्यंत त्याने फ्रेस्नोत पोरं घडवली. २००१ ला गेला.

त्याच्याबद्दलचं ते कात्रण हाती लागलं तेव्हा मी तलासरीकडे एका शाळेत खेळाचे तास घ्यायचो. पोल विकत घ्यायला पैसे नव्हते, बांबू मात्र हवा तेवढा. एका वारली मुलाचे वडील निवडायला आले. जून बांबू बघायचे, टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि बेटातले चारपाच सोडून एकावर हात ठेवायचे. अंधाऱ्या पक्षात तोडला तर भुंगा लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. तोडल्यावर ओहोळात बुडवून ठेवला, मग सावलीत वाळवला. खड्ड्यात वाळू, वर भाताचा पेंढा. आडवी काठी दोन खुंट्यांवर. चिकूच्या वाडीत फळं काढायला बांबू घेऊन हिंडणारी ही पोरं, त्यांना तोल शिकवावा लागला नाही. महिन्याभरात एक जण माझ्या डोक्यावरून जायला लागला.

कात्रणात एक गोष्ट लिहिली होती: वॉर्मरडॅम बांबूवर चिकटपट्टी घट्ट गुंडाळायचा, फुटू नये म्हणून. मी ती वाचली आणि फक्त मुठीच्या जागी गुंडाळली. पट्टी महाग होती. दिवाळीच्या सुट्टीआधी एका उडीला बांबू मधल्या पेरात उभा चिरला आणि पोरगा खड्ड्याबाहेर पडला. मनगट मोडलं. ते जुळलं, पण मी खड्डा बुजवला. त्याच्या वडिलांनी एका शब्दानेही बोल लावला नाही. उलट पंधरा दिवसांनी दुसरा बांबू खांद्यावर घेऊन शाळेत आले. पडवीतला तो हा. याच्यावर कुणी उडी मारलेली नाही.

तर एक काम कर. तिथे जुन्या कुणाला तरी विचार, वॉर्मरडॅमचा एखादा बांबू कुठे जपून ठेवलाय का. असला तर पेरं मोज, आणि पट्टी कुठून कुठपर्यंत गुंडाळली आहे ते नीट बघून कळव. फोटो काढलास तर बोट मध्ये आणू नकोस, पाटीच्या फोटोत अर्धं नाव त्याखालीच गेलंय.

तुझा,
मामा