हाफ की फुल?

आमच्या ओम्नीच्या सायलेन्सरमधून निळा धूर येतो, हे सर्वात आधी आम्हाला मागच्या सीटवरच्या मुलींनी सांगितले. चालवणाऱ्याला धूर दिसत नाही, मागे बसलेल्याला दिसतो. आम्ही म्हटले, थंडी आहे, वाफ असेल. त्यातली नववीतली एक म्हणाली, "सर, वाफ पांढरी असते."

ती गप्प बसण्यातली नव्हती, आणि तिचे बरोबरही होते. पांढरी असते ती पाण्याची वाफ. पेट्रोल जास्त जळत असेल तर धूर काळा येतो, आणि निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. महिन्याला एक लिटर ऑइल वरून ओतावे लागत होते, तरी आम्ही ते मनावर घेतले नव्हते. बोनेट उघडून बघण्याची सोयही ओम्नीत नाही. तिचे इंजिन पुढच्या सीटखाली. आम्ही चार वर्षे अक्षरशः दुखण्यावरच बसून होतो.

आम्ही दोघे नवरा-बायको एकाच उर्दू हायस्कुलात शिकवतो. एक गणित शिकवते, दुसरा उर्दू. घर चिपळूणच्या बाहेर नदीकाठच्या वस्तीत, शाळा 11 किलोमीटरवर. वस्तीतली सातवीपर्यंतची शाळा झाली की मुलींचे शिक्षण थांबायचे, कारण एसटी यायची तीच मुळी शाळेची घंटा झाल्यावर. म्हणून आमच्याबरोबर चार मुली गाडीत यायच्या, दोघी नववीतल्या, दोघी दहावीतल्या. पैशाचा प्रश्न नव्हता, आम्हाला तिकडे जायचेच होते. पालकांचा भरवसा मात्र आमच्यापेक्षा गाडीवर जास्त होता. मास्तर आजारी पडले तरी मॅडम गाडी काढतील, पण गाडी आजारी पडली तर?

डिसेंबर 2024 मधल्या एका जुम्म्याला नमाजनंतर गाडी मिस्त्रीचाचांकडे नेली. चाचांनी तीनही प्लग काढले, एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावला आणि आमच्यातल्या एकाला सेल्फ मारायला सांगितले. पहिला सिलिंडर 140, तिसरा 135, मधला 95. मग मधल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा सेल्फ. काटा 130 च्या पुढे गेला. चाचा म्हणाले, "व्हॉल्व्ह चांगले आहेत. दम खालून जातोय."

आम्हाला बी.एड.ला निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन यांवर एक पेपर होता. इतकी स्वच्छ निदानात्मक चाचणी आम्ही दहा वर्षांच्या नोकरीत एकदाही घेतलेली नाही. ओतलेले ऑइल रिंग आणि सिलिंडर यांच्यातली फट घटकाभर भरून काढते. तेवढ्याने दाब वाढला तर झीज रिंगेत किंवा बोअरमध्ये आहे. नाही वाढला तर व्हॉल्व्ह गळतो आहे, कारण व्हॉल्व्हपर्यंत ते ऑइल पोचतच नाही. एक चमचा तेल, दोन आकडे, आणि उत्तर हातात.

उपचार मात्र दोन होते. हाफ इंजिन म्हणजे गाडीतून इंजिन न उतरवता हेड काढायचे, खालून चेंबर खोलून पिस्टन बाहेर घ्यायचे, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासून बसवायचे, नवी सीले, नवे गॅस्केट. दोन दिवस, 13 हजार. फुल इंजिन म्हणजे सगळे उतरवायचे. ब्लॉक कराडला पाठवून तीनही बोअर मोठे करायचे, त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक तपासून लागल्यास ग्राइंडिंग, सगळी बेअरिंगे नवी, ऑइल पंप नवा. आठ-दहा दिवस, 34 हजार.

त्या रात्री आमच्या घरात दोन मते पडली. गणिताने वहीवर मांडणी केली. गाडी फेब्रुवारी 2012 ची. 15 वर्षांचे पासिंग फेब्रुवारी 2027 मध्ये संपणार, म्हणजे हातात 26 महिने. 13 हजार भागिले 26, महिना 500 रुपये. फुल केले आणि पुढे पाच वर्षांचे पासिंग मिळाले तर 34 हजार भागिले 86, महिना 395. उर्दूने विचारले, आणि पासिंग नाही मिळाले तर? गणिताने तोही भागाकार केला, 1307 आला. त्यावर दोघेही गप्प. 34 हजार होते, नाही असे नाही. भिशी नुकतीच आमच्या नावावर उठली होती. ते पैसे मागच्या भिंतीसाठी ठेवले होते. पुराने त्या भिंतीचा पाया धुऊन नेला होता आणि चार पावसाळे ती टेकूवर उभी होती.

पण खरा वाद पैशाचा नव्हता, दिवसांचा होता. दहावीची बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती. एक म्हणत होता, आत्ता हाफ करू, मुलींचे वर्ष निभावून नेऊ, मे महिन्यात बघू. दुसरी म्हणत होती, "2021 लाही आपण असेच म्हणालो होतो."

ते खरे होते. 22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी चढले तेव्हा ओम्नी दारात उभी होती. चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेले, तिथे आमच्या गाडीची काय कथा. पाणी ओसरल्यावर बघितले तर डॅशबोर्डवर गाळ. एवढी अक्कल होती की कोणी चावी फिरवली नाही. पाणी भरलेल्या सिलिंडरला सेल्फ मारला तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या आठवड्यात गावात मिस्त्री मिळणे म्हणजे डॉक्टर मिळण्याइतके कठीण. जो मिळाला त्याने प्लग काढून इंजिन फिरवले, पाणी उडवले, दुधाच्या चहासारखे झालेले ऑइल काढून टाकले, तीनदा नवे भरून पुन्हा काढले, आणि गाडी सुरू झाली. तो म्हणाला होता, "सर, एकदा इंजिन खोलून धुऊन घ्या." घरात चूल पेटत नव्हती, गाद्या उन्हात पडल्या होत्या. आम्ही म्हटले, चालते आहे ना, मग पुढे बघू. ते पुढे कधी आलेच नाही.

शेवटी निर्णय चाचांनी आमच्याकडून काढून घेतला. "उघडल्याशिवाय मी हाफ म्हणणार नाही आणि फुलही म्हणणार नाही. हेड काढू, मधल्या बोअरमध्ये नख फिरवा. नख अडकले नाही तर हाफ."

हेड उतरवले. या इंजिनाचा बोअर साडेअडुसष्ट मिलिमीटरचा, मूठभर आत जाईल एवढा. वरच्या कडेपासून थोडे खाली एक कंगोरा लागतो. पिस्टन वर येऊन परत फिरतो, तिथे वरच्या रिंगेची झीज सर्वात जास्त होते, कारण तिथे उष्णताही जास्त आणि तेल सर्वात कमी. तो कंगोरा तीनही बोअरमध्ये होता. जुन्या गाडीत असायचाच. पण मधल्या बोअरमध्ये वरून खाली दोन उभे ओरखडे होते, आणि नख त्यात अडकत होते. आम्ही दोघांनीही फिरवून बघितले. पुन्हा पुन्हा बघितले, म्हणजे कधीतरी अडकणार नाही अशी आशा असल्यासारखे.

चाचांनी गेज लावून दाखवले की बोअर गोल राहिलेलाच नाही, अंड्यासारखा झाला आहे. नवी रिंग गोल असते. ती अंड्यात बसवली तर दोन बाजूंना टेकेल आणि दोन बाजूंना फट राहील. सहा महिने धूर कमी, मग होता तसा. वर त्यांचा अनुभव असा की वरची बाजू घट्ट केली की खालची झिजलेली बेअरिंगे बोलू लागतात. ऑइलचा दिवा कधी लागला नव्हता, म्हणून क्रँकबद्दल आम्ही निर्धास्त होतो. तरी चेंबर खोललेच होते, तर चाचांनी एक बेअरिंग काढून आमच्या हातावर ठेवले. त्याचा मऊ धातू बारीक कण स्वतःत रुतवून घेतो, तेवढाच क्रँक वाचतो. त्या चकचकीत पट्टीत काळपट ठिपके रुतलेले होते. वाशिष्ठीचा गाळ. साडेतीन वर्षे तो आमच्याबरोबर शाळेत येत होता.

भिंत राहिली. फुल इंजिन सांगितले.

कराडच्या लेथवाल्याकडे रांग होती. ब्लॉक टेम्पोतून कुंभार्ली घाट चढून गेला तो आठ दिवसांनी उतरला, मग एक पिस्टन-सेट चुकीच्या साइजचा आला, तो बदलायला आणखी तीन दिवस. एकूण 14 दिवस. दहावीच्या दोघींना आम्ही रिक्षाने आणले, त्यांच्या भावांनीही दोन-चार दिवस मोटारसायकलवरून सोडले. बोर्डाचे वर्ष होते, म्हणून घरचे धावले. नववीतल्या एकीचा मामा रोज तिकडेच कामाला जायचा, ती त्याच्याबरोबर. चौथी घरी राहिली. वाफ पांढरी असते म्हणणारी. आम्ही रिक्षात बसवायला गेलो, तर तिची आई म्हणाली, "दोन दिवसांचा प्रश्न आहे, राहू दे." आम्हीच तिला दोन-चार दिवस सांगितले होते. खरा आकडा सांगायची आमची हिंमत झाली नव्हती.

गाडी आली तेव्हा आवाजच वेगळा. धूर नाही. चाचांची ताकीद होती की पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर जायचे नाही, घाटात रेटायची नाही, 500 ला ऑइल बदलायचे. आमचे जाणे-येणे रोजचे 22 किलोमीटर. इंजिनाला रुळायला असा रस्ता आणि असे ड्रायव्हर दुसरे मिळणार नव्हते.

पहिल्या दिवशी वळणावर हॉर्न दिला. ती आली नाही. संध्याकाळी आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. चहा झाला. वडील भल्या माणसासारखे बोलले. धाकटा भाऊ आजारी होता, आईला मदत लागते, आता वर्ष संपतच आले, जूनमध्ये बघू म्हणाले. 'जूनमध्ये बघू' हे शब्द आम्हाला ओळखीचे होते, त्यामुळे त्यांना काय बोलायचे ते सुचेना. ती आतल्या दाराशी उभी होती. तिने आम्हाला एवढेच विचारले, "सर, धूर गेला?"

दहावीच्या दोघी परीक्षेला वेळेवर पोचल्या. 500 किलोमीटरला ऑइल काढले, चाचांनी ते बोटावर घेऊन उन्हात धरले आणि मान हलवली, स्वच्छ होते. वळणावर आम्ही शाळा सुटेपर्यंत रोज दोन मिनिटे थांबत राहिलो. नव्या इंजिनाला उभ्या जागी फार वेळ चालू ठेवू नका, असेही चाचा म्हणाले होते. त्यांचे तेवढे एक आम्ही ऐकले नाही.